खारी हवा, गंजणारी सळई आणि पीएच.डी. : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

मागील अंकात रत्नागिरी तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या गावातून आलेल्या आणि सध्या स्थापत्य अभियांत्रिकीत पीएच.डी. करत असलेल्या एका विद्यार्थिनीचा परिचय आम्ही दिला होता. किनारपट्टीच्या हवेत आरसीसी बांधकामातील सळया का आणि केव्हा गंजू लागतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय असून तिचा पहिला शोधनिबंध नुकताच एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकाने स्वीकारला आहे, एवढाच मजकूर त्यात होता. त्यावर पालघरपासून सावंतवाडीपर्यंतच्या वाचकांची पत्रे आली. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र करून आम्ही ते तिच्याकडे सोपवले. तिने लिहून पाठवलेली उत्तरे येथे देत आहोत.

प्रश्न : सळई काँक्रीटच्या पोटात असते, मग तिला समुद्राची हवा लागतेच कशी? आपला विषय आमच्यासारख्यांना समजेल अशा शब्दांत सांगाल का? (एक वाचक, गुहागर)

उत्तर : काँक्रीट वरून सलग दिसत असले तरी ते सच्छिद्र असते. सिमेंट आणि पाणी यांची रासायनिक क्रिया झाल्यावर जे जादा पाणी उरते ते हळूहळू उडून जाते आणि त्याच्या जागी डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक छिद्रांचे जाळे मागे राहते. या छिद्रांत शिल्लक राहिलेले पाणी अतिशय अल्कधर्मी असते. त्याचा सामू साडेबाराच्या वर असतो. अशा परिसरात पोलादावर ऑक्साइडचा एक अत्यंत पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो शाबूत असेपर्यंत सळई गंजत नाही. काँक्रीट सळईला केवळ झाकत नाही, तर तिच्याभोवती न गंजण्याची परिस्थितीच निर्माण करते, आणि म्हणूनच चांगल्या बांधकामातील सळई अनेक दशकांनंतरही काळीकुळकुळीत निघते.

आपल्याकडे ही परिस्थिती बिघडते ती मिठामुळे. लाटा फुटताना उडणारे तुषार वाऱ्याबरोबर आत येतात, भिंतींवर, खांबांवर, तुळयांवर बसतात, आणि त्यांतील क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, छिद्रांतल्या पाण्यावाटे आत सरकू लागते. सळईपाशी ते पुरेशा प्रमाणात साठले की संरक्षक थर जागोजागी फुटतो. पाणी आणि ऑक्सिजन तेथे असतातच, त्यामुळे गंज सुरू होतो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा काँक्रीटमध्ये नसते, त्यामुळे पाचर ठोकून लाकूड फोडावे तसे काँक्रीट आतून फुटते. सुरुवातीला सळईच्या रेषेत एक सरळ तडा दिसतो, त्यातून तांबूस ओघळ येतात आणि काही वर्षांत पोपडा सुटून सळई उघडी पडते. तडा सळईच्या रेषेत आहे की वेडावाकडा, हे पाहिले तरी रोगाचे अर्धे निदान होते; वेडेवाकडे केसासारखे तडे बहुधा प्लास्टर सुकण्याचे असतात आणि त्यांची धास्ती घेण्याचे कारण नसते.

माझा अभ्यास या साखळीच्या पहिल्या दुव्यापुरता मर्यादित आहे : पृष्ठभागावरचे क्लोराइड सळईपर्यंत पोहोचायला किती काळ लागतो आणि तो काळ कोकणच्या हवेत कसा वर्तवावा. यासाठीची रूढ सूत्रे काँक्रीट कायम ओले आहे असे गृहीत धरतात, कारण क्लोराइडचे विसरण, म्हणजे जास्त प्रमाणाकडून कमी प्रमाणाकडे आपोआप पसरत जाणे, पाण्यातूनच होते. आपले काँक्रीट मात्र जून ते सप्टेंबर चिंब असते आणि पुढे मेअखेरपर्यंत वाळत जाते. वाळलेल्या काँक्रीटवर खारट ओलावा आला की ते तो शोषून घेते, आणि शोषणाने आत जाणारे मीठ विसरणाने जाणाऱ्या मिठापेक्षा बरेच वेगाने पुढे जाते. हे ओले-सुके चक्र गणितात कसे बसवायचे, हा माझ्या प्रबंधाचा गाभा आहे. जेटीचा खांब तळाशी सहसा धडधाकट राहतो आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात खाल्ला जातो, त्यामागेही हेच चक्र आहे. कायम पाण्याखाली असलेल्या भागाला मीठ मुबलक मिळते, पण ऑक्सिजन पुरेसा मिळत नाही.

प्रश्न : शोधनिबंध स्वीकारला गेला याबद्दल अभिनंदन, पण त्यात नेमके काय सिद्ध झाले, आणि आमच्या गावातल्या घरांना त्याचा उपयोग काय? (एक निवृत्त मुख्याध्यापक, देवगड)

उत्तर : ‘सिद्ध झाले’ हा शब्द मोठा आहे. शोधनिबंध स्वीकारला जातो म्हणजे त्या विषयातील अनोळखी तज्ज्ञ तो वाचून हरकती नोंदवतात, लेखक त्यांना उत्तरे देतो, जरूर तर प्रयोग पुन्हा करतो आणि शेवटी संपादक तो छापण्याजोगा ठरवतो. माझ्या निबंधावर एका परीक्षकाने अशी हरकत घेतली की, मी नमुने फक्त पावसाळ्यानंतर घेतले असल्यामुळे कोरड्या महिन्यांविषयीचे माझे विधान केवळ अनुमान ठरते. हरकत रास्त होती. त्यासाठी उन्हाळ्याच्या शेवटी पुन्हा नमुने काढावे लागले आणि निबंध लांबला, पण सुधारला.

निबंधाचा विषय असा आहे. एकाच इमारतीच्या दोन बाजू घ्याव्यात : एक पावसाचा मार खाणारी, दुसरी आडोशाची, म्हणजे पोर्चच्या छताचा तळ किंवा गॅलरीच्या तुळईची खालची बाजू. मीठ कोणत्या बाजूला जास्त साठते? सहज उत्तर ‘पावसाच्या बाजूला’ असे येते. प्रत्यक्षात पाऊस हा गोडा असतो. तो पृष्ठभागावरचे मीठ धुऊन नेतो. आडोशाच्या बाजूला वाऱ्याने आणलेले मीठ बसते आणि तेथेच राहते. हे निरीक्षण माझे नाही. पुलांच्या तळाविषयी जगात अन्यत्र ते पूर्वीच नोंदले गेले आहे. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत पडतो अशा प्रदेशात हा फरक किती वाढतो आणि सूत्रात तो कसा धरावा, एवढीच भर माझी आहे.

नमुना घेण्याची रीत अनेकांनी विचारली आहे. पृष्ठभागावर ड्रिल लावून पाच-पाच मिलिमीटरच्या टप्प्यांनी भुकटी काढायची, प्रत्येक टप्प्याची भुकटी वेगळ्या पिशवीत भरून तीवर खोली लिहायची आणि पुढच्या टप्प्याआधी भोक ब्रशने व हवेच्या झोताने स्वच्छ करायचे, कारण बाहेरच्या थरातली चिमूटभर भुकटी आतल्या थरात मिसळली तरी निकाल बिघडतो. प्रयोगशाळेत ती भुकटी नायट्रिक आम्लात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाने क्लोराइड मोजतात. हेच द्रावण नुकत्याच फोडलेल्या काँक्रीटच्या तुकड्यावर फवारले, तर बाहेरचा क्लोराइडयुक्त पट्टा पांढुरका राहतो आणि आतला भाग तपकिरी होतो. मीठ कोठवर पोहोचले आहे ती सीमारेषा नुसत्या डोळ्यांनी दिसते. द्रावण बोटांना लागले की उजेडात त्याचे काळे डाग पडतात आणि ते धुऊन जात नाहीत. आमच्या प्रयोगशाळेत क्लोराइडवर कोण काम करते, हे ओळखायला फलक पाहावा लागत नाही.

उपयोगाचे म्हणाल, तर तो असा : आपण दर काही वर्षांनी दर्शनी भिंत रंगवतो आणि पोर्चच्या तळाकडे मान वर करून पाहतही नाही. पाहणी करायची असेल तर सुरुवात तेथून करावी.

प्रश्न : आमच्या आजोबांचे चिरेबंदी घर अजून भक्कम आहे आणि मी बांधलेला स्लॅब तीसएक वर्षांत गळू लागला. जुनेच बांधकाम चांगले, असे म्हणावे का? (एक वाचक, राजापूर)

उत्तर : चिऱ्याच्या भिंतीत सळई नसते, म्हणून गंजायला तेथे काहीच नसते. १६६४ ते १६६७ या काळात मालवणजवळच्या कुरटे बेटावर उभा राहिलेला सिंधुदुर्ग आजही लाटा झेलतो, यात त्या काळच्या गवंड्यांचे कसब आहेच. पण दगड आणि चुना ही जोडी मिठाने अशी आतून फुटत नाही, हेही कारण तितकेच महत्त्वाचे आहे. मात्र चिऱ्याने स्लॅब घालता येत नाही. दगडी भिंत दाब पेलते, ताण पेलत नाही. म्हणून आजोबांच्या घराला लाकडी वासे आणि कौले होती, आणि त्या वाशांना वाळवी लागत होती. तुलना करायचीच तर चांगल्या आरसीसीची वाईट आरसीसीशी करावी. आपल्या शेजारी गोव्यात मांडवीवरचा १९७० च्या सुमाराचा पूल जुलै १९८६ मध्ये कोसळला, त्यामागे काँक्रीटमधील पूर्वताणित (आधीच ताणून बसवलेल्या) तारांचे गंजणे हे कारण होते. त्याच काळातले अनेक काँक्रीटचे पूल मात्र अजून उभे आहेत.

प्रश्न : मी लहान ठेकेदार आहे. किनाऱ्याजवळच्या घराला कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) किती ठेवावे? सेंट्रिंगवाले सळईखाली खडीचे तुकडे सरकवतात, ते चालते का? (मालवण)

उत्तर : चालत नाही, आणि या पत्रासाठी मी आपली विशेष आभारी आहे, कारण माझ्या सगळ्या गणिताचा निकाल अखेर त्या खडीच्या तुकड्यावर येऊन ठेपतो.

आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकात परिसराचे पाच गट केले आहेत. सौम्य गटासाठी किमान कव्हर २० मिलिमीटर आहे, आणि आपल्याकडे किनारा असो वा घाटमाथा, तेच डोळे झाकून वापरले जाते. खाऱ्या हवेपासून आडोशाला असलेल्या किनारी भागातील काँक्रीटला हे मानक ३० मिलिमीटर सांगते. किनारी हवेला उघडे असेल तर ४५ मिलिमीटर, किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट (आकडा जितका मोठा तितके काँक्रीट मजबूत) आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर जास्तीत जास्त ०.४५, समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर ५० मिलिमीटर आणि एम ३५, भरती-ओहोटीच्या पट्ट्यात ७५ मिलिमीटर आणि एम ४०.

हे आकडे एवढ्या झपाट्याने का वाढतात, ते समजून घेण्यासारखे आहे. विसरणाने आत जाणाऱ्या पदार्थाला लागणारा काळ ढोबळमानाने अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कव्हर २० ऐवजी ४० मिलिमीटर ठेवले, तर मीठ सळईपर्यंत पोहोचायला दुप्पट नव्हे, तर साधारण चौपट काळ लागतो. उलट बाजूही तितकीच खरी आहे : नकाशात ४० मिलिमीटर लिहिले आणि ओतकामाच्या वेळी कामगारांच्या पायांखाली जाळी दबून २० मिलिमीटरच राहिले, तर मालकाने पैसे मोजलेल्या आयुष्यातील तीन-चतुर्थांश भाग तेथेच गेला. सज्जाच्या बाबतीत तर हे दुहेरी नुकसान आहे, कारण तेथे मुख्य सळई वरच्या बाजूला हवी असते. ती पायदळी दबून खाली गेली की ताकदही जाते आणि कव्हरही.

म्हणून खडीचे, विटेचे किंवा फरशीचे तुकडे वापरू नयेत. ते सरकतात आणि त्यांच्या कडेने पाण्याला वाट मिळते. ओतकामाच्या काँक्रीटइतक्याच ताकदीच्या मिश्रणाचे कव्हर ब्लॉक आधी पाडून, पाण्यात ठेवून पक्के करावेत आणि बांधणीच्या तारेने सळईला बांधावेत. गुणोत्तर ०.४५ याचा अर्थ ५० किलोच्या एका पोत्यामागे साडेबावीस लिटर पाणी, आणि वाळू ओली असेल तर तिच्यातले पाणीही त्यातच धरायचे. माल घट्ट वाटतो म्हणून बादलीभर पाणी वाढवण्याची सवय हेच आरसीसीचे खरे दुखणे आहे. काम सुकर करायचे असेल तर पाणी न वाढवता प्लास्टिसायझर, म्हणजे माल सैल करणारे रसायन, वापरावा. किनाऱ्यावर धातुमळीचे (लोखंडाच्या भट्टीतील मळीचे) किंवा फ्लाय ॲशचे (कोळशाच्या बारीक राखेचे) मिश्र सिमेंट अधिक हितकर ठरते, कारण त्याची छिद्रे अधिक बारीक होत जातात आणि क्लोराइडला अडवतात; पण त्याला पाणी मारण्यात कसूर केली तर हा लाभ मिळत नाही. साध्या सिमेंटला किमान ७ दिवस आणि मिश्र सिमेंटला १४ दिवसांपर्यंत ओलावा ठेवावा, असे मानक सुचवते. स्लॅबवर आळी करून पाणी साठवण्याची आपली जुनी पद्धत उत्तम आहे. खांबांना मात्र गोणपाट गुंडाळून ते सतत ओले ठेवावे लागते, आणि खांबांकडेच सर्वांचे दुर्लक्ष होते.

प्रश्न : आमच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. ते बांधकामाला वापरावे का? खाडीची वाळू धुऊन घेतली तर चालेल का? (एक गृहिणी, वेंगुर्ला)

उत्तर : आरसीसीसाठीच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, अशी मानकातील मर्यादा आहे. पाण्याची बाटली कोणत्याही तपासणी प्रयोगशाळेत दिली तर हा आकडा सहज मिळतो, आणि घराच्या एकूण खर्चापुढे तपासणीचे शुल्क नगण्य असते. मचूळ पाणी बहुधा मर्यादेबाहेर जाते. तेव्हा ओतकाम पावसाळ्यानंतर लगेच, विहिरी गोड्या असताना उरकावे. खाडीच्या वाळूविषयी माझे मत स्पष्ट आहे : ‘धुऊन घेतली’ असे सांगितले जाते, पण कोणत्या पाण्याने धुतली हे कोणी सांगत नाही. मीठ मालातच असेल तर त्याला बाहेरून प्रवास करावा लागत नाही, आणि मग कव्हर कितीही ठेवले तरी त्याचा उपयोग होत नाही.

प्रश्न : स्लॅबवर पत्र्याची शेड घातली की गळती थांबते. त्याने सळईचेही रक्षण होते का? (अलिबाग)

उत्तर : वरून झिरपणारे पाणी थांबते आणि तेवढ्यापुरता लाभ निश्चित होतो. बाजूने येणारा खारा वारा पत्रा अडवत नाही, आणि आत पोहोचलेले मीठ त्याने बाहेरही येत नाही.

प्रश्न : मुलीला इंजिनिअरिंगनंतर पीएच.डी. करायची आहे. किती वर्षे जातात, खर्च कोण करतो, आणि मधे लग्न झाले तर काय? (एक आई, दापोली)

उत्तर : काकू, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.चा किमान कालावधी ३ वर्षे आणि कमाल ६ वर्षे आहे. पुनर्नोंदणीने २ वर्षे वाढवून मिळू शकतात आणि स्त्रियांना त्याहून आणखी २ वर्षांची सवलत आहे, मात्र एकूण काळ १० वर्षांपलीकडे जाता येत नाही. प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळते. आयआयटीसारख्या संस्थांचे स्वतःचे नियम असतात, ते प्रवेशाआधी वाचून घ्यावेत. अभियांत्रिकीत प्रवेशासाठी बहुतेक ठिकाणी गेट या राष्ट्रीय परीक्षेचे गुण विचारात घेतात आणि ते तीन वर्षे ग्राह्य राहतात. केंद्र सरकारच्या कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्तीचा दर जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आहे आणि वरिष्ठ टप्प्यावर ४२,००० रुपये. घरभाडे भत्ता वेगळा. त्यामुळे अधिछात्रवृत्ती मिळाली तर घरच्यांवर सहसा भार पडत नाही. बिगर अधिछात्रवृत्तीच्या जागेवर मात्र, माझ्या मते, घाईने प्रवेश घेऊ नये.

पैशापेक्षा मार्गदर्शक कोण, हा प्रश्न मोठा आहे. त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांशी, शक्यतो विद्यार्थिनींशी, मुलीने स्वतः बोलावे : प्रबंध किती वर्षांत झाला, प्रयोगाचे साहित्य वेळेवर मिळाले का, मसुदा वाचून परत यायला किती आठवडे लागत. लग्नाविषयी मी सल्ला देणे योग्य नव्हे. एवढेच सांगते की, आमच्या विभागात संसार सांभाळून प्रबंध पूर्ण केलेल्या विद्यार्थिनी आहेत आणि त्या प्रत्येकीच्या घरी कोणीतरी स्वयंपाकघराची जबाबदारी मनापासून उचलली होती.

प्रश्न : मी डिप्लोमाला आहे. आमच्यासाठी संशोधनाची वाट बंद असते का? (एक विद्यार्थी, रत्नागिरी)

उत्तर : मुळीच नाही. डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो आणि पुढची वाट सर्वांसारखीच असते. काँक्रीटचे ठोकळे स्वतःच्या हातांनी ओतलेला आणि फोडलेला डिप्लोमाचा विद्यार्थी आमच्या प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यापासून कामाचा ठरतो.

प्रश्न : आमच्या गॅलरीच्या तुळईचा पोपडा पडून सळई दिसते आहे. गवंडी म्हणतो, गंज घासून सिमेंट मारले की झाले. तसे करावे का? (एक वाचक, श्रीवर्धन)

उत्तर : तसे केल्यास दोन-तीन पावसाळ्यांनंतर त्याच ठिगळाच्या कडेला नवा पोपडा सुटण्याची दाट शक्यता आहे. गंजणे ही विद्युत-रासायनिक क्रिया आहे : सळईचा जो भाग गंजत असतो तो आपल्या शेजारच्या भागाला काही प्रमाणात वाचवत असतो. ठिगळात नवे, मीठविरहित काँक्रीट भरले की तेथले गंजणे थांबते, पण शेजारच्या जुन्या, मीठ भरलेल्या काँक्रीटमधील सळईचे ते संरक्षण जाते आणि आता ती गंजू लागते.

म्हणून आधी रोगाचा विस्तार मोजावा. पृष्ठभागावर तांबे-मोरचूद इलेक्ट्रोड टेकवून सळईचे विद्युत विभव (व्होल्टेज) मोजण्याची सोपी चाचणी आहे. ते उणे ३५० मिलिव्होल्टच्याही खाली गेले तर त्या जागी गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून अधिक मानली जाते. ज्या भागात असे आकडे येतील तेथपर्यंतचे काँक्रीट सळईच्या मागे बोट जाईल इतके खोल फोडावे, सळई पूर्ण स्वच्छ करावी आणि तिची जाडी जेथे बरीच घटली असेल तेथे संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने जोडसळई बांधावी. तुळई फोडण्यापूर्वी तिला खालून टेकू देणे अत्यावश्यक आहे. ते गवंड्यावर न सोपवता अभियंत्याला समोर उभे करून लावून घ्यावेत. आणि दुरुस्तीचा दर ठरवण्याआधी क्लोराइडची तपासणी करून घ्यावी, म्हणजे किती भाग फोडायचा हे ठेकेदाराच्या अंदाजावर अवलंबून राहणार नाही.